खुला गट की तालुका गट? शंकरपटातल्या एका जोडीचा हिशोब

सोन्या आणि राजा ही भरल्या दातांची (पूर्ण वयाची), गवळाऊ वळणाची बैलजोडी. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पंधरा दिवसांवर आलेला. शनिवारी चार दातांपर्यंतचा (कमी वयाच्या बैलांचा) गट आणि तालुका गट, रविवारी खुला गट. खुल्या गटाचं पहिलं बक्षीस १,०१,००० रुपये, तालुका गटाचं ३१,०००. घरात पाखऱ्या आणि सर्जा ही चार दाती जोडीही तयार होत आलेली. त्यातच शेजारच्या जिल्ह्यातला हिऱ्या नावाचा खिल्लार बैल अर्ध्या भागीत मिळतोय, आणि चावडीवर सगळ्यांचं म्हणणं एकच: सोन्यासोबत हिऱ्या लावा आणि खुल्या गटात उतरा.

कोणती जोडी, कोणत्या गटात, किती चिठ्ठ्या (प्रवेश), एवढंच ठरवायचं आहे. पण बहुतेक जोडीवाल्यांचा हंगामाचा पैसा या एका निर्णयात बुडतो किंवा वाचतो. यवतमाळ-अमरावतीच्या पट्ट्यात घड्याळावर होणाऱ्या पटांची पद्धत समोर ठेवून हे प्रकरण मांडलं आहे. बैलांची नावं, वेळा आणि रकमा हिशोब दाखवण्यासाठी घेतल्या आहेत. त्यांच्या जागी आपल्या जोडीचे आकडे घालता येतील.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे झाडीपट्टीत दोन दानींवर (धावपट्ट्यांवर) दोन जोड्या एकदम सुटतात आणि समोरच्या जोडीला हरवायचं असतं. तिथला हिशोब वेगळा. तळेगाव दशासरसारख्या वऱ्हाडातल्या पटांत जोडी एकटी धावते आणि घड्याळाशी भांडते. इथे लिहिलं आहे ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

जुन्या वेळा आधी बाजूला

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने शर्यती बंद झाल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. जोडी जोखताना या तारखा कामाच्या आहेत. बंदीपूर्वीच्या बऱ्याच वेळा पराणीच्या (टोकदार काठीच्या) टोकावर मिळालेल्या होत्या. आता काठी, चाबूक, पराणी, विजेचा झटका, शेपूट पिळणं, काहीच चालत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे "याच्या बापाने अमुक पटात एवढ्या सेकंदांत मारला होता" या वंशावळीच्या गप्पांना आज मोल नाही. आजचा बैल धावतो तो सवयीने, धुरकऱ्याच्या (जोडी हाकणाऱ्याच्या) आवाजाने आणि कासऱ्यावरच्या हाताने. वेळ घ्यायची ती गेल्या दोन हंगामांतली, त्यातही शक्यतो चालू हंगामातली.

तीन पट, तीन वेळा

सोन्या-राजा या हंगामात तीन ठिकाणी धावले. पहिल्या पटात १२० मीटर, मुरमाड जमीन, हातातलं घड्याळ, वेळ ११.६२ सेकंद. दुसऱ्यात १५० मीटर, ओलसर काळी माती, सेन्सर, १४.९५. तिसऱ्यात १२० मीटर, रोलर फिरवलेली काळी माती, सेन्सर, १२.०८.

गावात जोडीची ओळख "अकरा-बासष्टची जोडी" अशी झाली. इथेच पहिली चूक होते. ११.६२ हा आकडा जोडीचा जेवढा, तेवढाच त्या मुरमाचा आणि घड्याळ धरणाऱ्याच्या अंगठ्याचाही आहे. हाताने घड्याळ दाबणाऱ्याला सुटण्याची खूण डोळ्याने दिसून बोट हलायला थोडा वेळ लागतो, पण शेवटच्या रेषेवर जोडी येताना दिसत असल्यामुळे तो वेळेवर किंवा आधीच दाबतो. म्हणून हाताची वेळ कमी भरते. माणसांच्या १०० मीटर धावण्यात हाताच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवून ती विजेच्या घड्याळाशी ताडली जाते. पटात बारा सेकंदांच्या आसपास खेळ संपतो आणि बक्षिसं सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरतात, तिथे पाव सेकंद म्हणजे आठ-दहा क्रमांकांचा फरक.

उपाय सोपा आहे. प्रत्येक पटाची स्वतःची आधार वेळ काढायची. त्या दिवशी खुल्या गटातल्या पहिल्या दहा जोड्यांच्या वेळा घ्यायच्या आणि पाचव्या व सहाव्या वेळेची सरासरी धरायची. पहिल्या क्रमांकाची वेळ आधार म्हणून घेऊ नये. एखादी असामान्य जोडी आली की सगळा हिशोब वाकडा होतो. मग आपली जोडी आधार वेळेपेक्षा किती टक्के मागे, ते बघायचं. जमीन, ओल, घड्याळ या गोष्टी त्या दिवशी सगळ्यांना सारख्याच असतात, त्यामुळे त्यांचा मोठा भाग भागाकारात निघून जातो.

पहिल्या पटाची आधार वेळ ११.३६. आपली ११.६२, म्हणजे ०.२६ मागे, २.३ टक्के. दुसऱ्याची १४.५६; आपण ०.३९ मागे, २.७ टक्के. तिसऱ्याची ११.९१; आपण ०.१७ मागे, फक्त १.४ टक्के. गावाने ज्याला सगळ्यात वाईट १२० मीटर म्हटलं, ती या हंगामातली सगळ्यात चांगली धाव निघाली.

हाताच्या घड्याळाची चूक टक्क्यांत गेली तरी पूर्ण जात नाही, कारण प्रत्येक जोडीला ती वेगळी होते. म्हणून पहिल्या पटाच्या आकड्यावर कमी भरवसा. १५० मीटरच्या पटाची गोष्ट वेगळी, ती पुढे येते. येणारा पट १२० मीटरचा, काळ्या मातीवर, सेन्सरचा आहे. तिसऱ्या पटाशी सगळ्यात जवळचा. या तिन्हींवरून जोडी १.४ ते २.३ टक्क्यांच्या पट्ट्यात धरली, नेहमीची धाव १.९. एकाच चांगल्या वेळेवर जोडी तोलायची नाही, हा या कामातला सगळ्यात कठीण भाग. मालकाला चांगली धाव आठवते आणि वाईट धावेचं कारण आठवतं.

तुकडे पाडून बघणं

पूर्ण वेळेतून जोडीत काय बिघडलं आहे ते कळत नाही. त्यासाठी ४० आणि ८० मीटरवर बांबू उभे करून मोबाइलवर चित्रण करायचं. मोबाइल पट्टीपासून जितका लांब नेता येईल तितका न्यावा आणि मध्यावर स्थिर ठेवावा. बांबू मोजपट्टीने नुसते रोवू नयेत. मोबाइलमधून बघत, पट्टीवर फकीने (पांढऱ्या भुकटीने) मारलेली ४० मीटरची रेषा आणि बांबू एका ओळीत येईल तिथे रोवावेत. नाहीतर तिरक्या नजरेमुळे मीटर-दोन मीटरची चूक येते. सेकंदाला ६० चित्रं घेणारा मोबाइल असेल तर एक चित्र म्हणजे साधारण ०.०१७ सेकंद, आपल्या कामाला तेवढं पुरतं. बैलाचं नाक रेषेवर आलं ते चित्र धरायचं, तिन्ही ठिकाणी नाकच.

तिसऱ्या पटातले तुकडे असे निघाले: पहिले ४० मीटर ४.७२ सेकंद, मधले ३.५८, शेवटचे ३.७८. शेवटच्या भागात ०.२० सेकंद सांडले. १५० मीटरच्या पटात जोडी जास्त मागे पडली त्याचं कारण हेच. जोडी लांब पल्ल्याची नाही. १२० मीटरच्या पुढचे पट या हंगामात सोडलेले बरे.

शेवटी कोण थकतो? सगळ्यांचं बोट राजाकडे, कारण जू त्याच्या बाजूने मागे कललेलं दिसतं. चित्रण हळू करून बघितल्यावर धुरकरी म्हणाला, "राजा मांगं पडून नाई राह्यला भाऊ, सोन्याच आंगावर घेऊन राह्यला." त्याचं बरोबर होतं. सत्तर मीटरनंतर सोन्या मान आत वळवून राजाच्या अंगावर रेलतो, छकडी (मागची हलकी गाडी) उजवीकडे झुकते, राजाला पाऊल आखडावं लागतं. जू तिरकं झालं की मागच्या बैलाला दोष देण्याची घाई होते. खरं तर दोन्ही बैलांच्या पावलांची संख्या मोजावी. ज्याची पावलं तेवढीच राहून छोटी होतात तो अडवला जातोय. ज्याची पावलंच मंद होतात तो थकला आहे.

यावर करण्यासारखं थोडंच होतं. सोन्याच्या बाजूचं जोतं (जुवाचा मानेखालचा पट्टा) दोन बोटं ढिलं होतं, ते सारखं केलं. सरावात एका बाजूला बांध येईल अशा पट्टीवर, पूर्ण वेगाने न पळवता, मधल्या चालीने जोडी नेली. पंधरा दिवसांत खोड मोडत नाही, पण झुकणं कमी झालं. छकडीच्या चाकांचा खेळ तपासला. एक चाक हाताने फिरवल्यावर दुसऱ्यापेक्षा लवकर थांबत होतं. ग्रीस वाळलेलं आणि आत माती. असलं चाक जोडीला एका बाजूला ओढतं आणि दोष बैलाच्या माथी येतो.

धुरकऱ्याच्या वजनावर पटात फार चर्चा होते. दोन बैल, छकडी आणि माणूस मिळून साडेआठशे किलोच्या आसपास भरतं. दहा किलोचा फरक म्हणजे सव्वा टक्क्याच्याही आत, आणि त्याचा परिणाम मुख्यतः सुटताना, वेग धरेपर्यंत. हलक्या पण अनोळखी पोरापेक्षा बैलांना आवाजाने ओळखणारा दहा किलो जड धुरकरी केव्हाही बरा. ६२ किलोचा नेहमीचाच माणूस ठेवला.

हिऱ्याचा मोह

हिऱ्या त्याच्या नेहमीच्या जोडीदारासोबत आधार वेळेच्या फक्त ०.४ टक्के मागे धावतो. सोन्या-राजाचा चांगला आकडा १.४. मग सोन्या-हिऱ्या मधे कुठेतरी, ०.९ च्या आसपास येतील, खुल्या गटात दहाच्या आत बसतील, असा सरळ हिशोब मांडला गेला.

जोडी अशी सरासरीने धावत नाही. ती मंद बैलाच्या जवळपास धावते, आणि दोघांचं पाऊल जुळलं नाही तर त्याच्याही खाली जाते. त्यातून हिऱ्या आणि सोन्या दोघेही डाव्या बाजूचे. वर्षानुवर्षं डावीकडे जुंपलेल्या बैलाला उजवीकडे घेतलं की तो कासऱ्याचा ताण उलटा समजतो आणि बाहेर निघायला बघतो. सोन्याला उजवीकडे टाकून दोनदा सराव घेतला, दोन्ही वेळा जोडी पट्टीच्या कडेला गेली. सोन्याची राजाच्या अंगावर जाण्याची खोड असताना त्याची बाजू बदलणं म्हणजे ती खोड आणखी पक्की करणं.

तिसरं कारण कागदाचं. तालुका गटात दोन्ही बैलांचे मालक तालुक्यातलेच लागतात, त्यामुळे हिऱ्या आला की तालुका गट बंद, फक्त खुला गट उरतो. भागीची रक्कम, त्याला आणण्याचं भाडं आणि बक्षिसातला अर्धा वाटा धरला तर हा बैल नाकारायला घड्याळाचीही गरज नव्हती. परजिल्ह्यातून आलेला बैल महिनाभर आधी आणून, बाजू जुळत असेल तरच जोडावा. लंपीचं लसीकरण झाल्याची खात्री करून मगच गोठ्यात घ्यावा. २०२२ मध्ये या रोगामुळे राज्यात जनावरांचे बाजार आणि शर्यती थांबवाव्या लागल्या होत्या, हे कोणी विसरू नये.

समोर कोण आहे

घोड्यांच्या हँडिकॅप शर्यतीत वरच्या रेटिंगच्या घोड्यावर जास्त वजन लादून सगळ्यांना जवळ आणतात. पटात तसं काही नाही. चांगली जोडी चांगलीच राहते. बरोबरी साधायची एकच सोय म्हणजे गट. म्हणून गट निवडणं हेच इथलं खरं जोखणं. आणि हेही स्पष्ट असावं: महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर परवान्याने जी बेटिंग चालते, तशी कुठलीही सूट पटाला नाही. पटावर पैसे लावणं १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात गुन्हा ठरतं, आणि एका कोपऱ्यातल्या सट्ट्यामुळे सगळ्या गावाची परवानगी धोक्यात येते. जोडीवाल्याची बाजी म्हणजे त्याने भरलेली प्रवेश फी आणि दिवसाचा खर्च.

तालुक्यातल्या ज्या जोड्या हंगामात कुठे ना कुठे दिसल्या, त्यांच्या वेळा त्याच पद्धतीने टक्क्यांत आणल्या. सहा जोड्या मोजण्यासारख्या निघाल्या: ०.९, १.२, १.६, २.१, २.४ आणि २.६ टक्के मागे. आपली १.९. म्हणजे नेहमीसारखं घडलं तर चौथा क्रमांक, चांगलं घडलं तर तिसरा किंवा दुसरा. वेळा कुठून मिळतात? पटाच्या ठिकाणी प्रत्येक जोडीची वेळ माइकवरून सांगतात. एक माणूस वही घेऊन मंडपाजवळ बसवला की झालं. फोनवरून "किती मारला रे" विचारून मिळालेली वेळ वहीत लिहूच नये.

खुल्या गटात दहावा क्रमांक या हंगामात आधार वेळेच्या एक ते सव्वा टक्का मागे राहिला. आपली सर्वात चांगली धाव १.४. म्हणजे आजवर कधी धावली नाही एवढी चांगली जोडी धावली तरच शेवटचं बक्षीस.

पैशाचा हिशोब

खुल्या गटाची फी ३,००० रुपये. सहावं ते दहावं बक्षीस प्रत्येकी ११,०००. दहात एकदा त्यातलं एखादं मिळेल असं धरलं तर अपेक्षा १,१०० रुपयांची आणि फी ३,०००. एका चिठ्ठीमागे १,९०० रुपये तोटा, आणि तोही जोडी तिथेच उभी असताना, वेगळं भाडं न धरता.

तालुका गटाची फी १,५००. बक्षिसं ३१,०००, २१,०००, १५,०००, ११,००० आणि ७,०००. हाच पट शंभर वेळा धावला असं धरून पहिला दहा वेळा, दुसरा पंधरा, तिसरा वीस, चौथा वीस, पाचवा पंधरा आणि वीस वेळा काहीच नाही, असं वाटप केलं. बेरीज ३,१०० + ३,१५० + ३,००० + २,२०० + १,०५०, म्हणजे १२,५००. यातून चौथा हिस्सा कापला, ९,४०० धरले. का कापला? वहीत नसलेली एखादी जोडी येतेच, आणि आपल्या जोडीला शक्यता देताना हात सैल सुटतो. ही कपात अंदाजाची आहे, पण ती न करणाऱ्याचा हिशोब दरवेळी फायद्याचाच निघतो आणि हंगामाअखेर खिसा रिकामा असतो.

चार दाती गटाची फी १,०००. बक्षिसं १५,०००, ११,०००, ७,०००, ५,०००. पाखऱ्या-सर्जाला पहिल्यासाठी शंभरात पंधरा आणि पुढच्या तिन्हींसाठी वीस-वीस. बेरीज ६,८५०, कापून ५,१००.

आता खर्च. फक्त सोन्या-राजा न्यायचे तर पिकअपचं भाडं ३,०००, धुरकऱ्याचे २,०००, चारापाणी आणि माणसांचं जेवणखाण १,५००, एकूण ६,५००. वर बक्षिसाचा दहावा हिस्सा धुरकऱ्याचा. ९,४०० मधून फी, खर्च आणि ९४० वजा केले की ४६० रुपये उरतात. चारही बैल न्यायचे तर चारशे-सात गाडी (छोटा ट्रक) ५,०००, धुरकऱ्याचे ३,०००, बाकी २,०००, एकूण १०,०००. अपेक्षा १४,५००, फी २,५००, धुरकऱ्याचा हिस्सा १,४५०. उरले ५५०.

पटाचा पैसा असा असतो. एक लाखाचा बोर्ड वर लागलेला आणि नीट निवडलेल्या गटातही हातात पाचशे रुपयांची अपेक्षा. त्यावर खुल्या गटाची एक चिठ्ठी घेतली की ५५० चे उणे १,३५० होतात. वर्षभराची ढेप आणि सरकी तर या हिशोबात धरलेलीच नाही. चारही बैल न्यायचं ठरलं, कारण ९० रुपयांचा फरक नगण्य असला तरी चार दाती जोडीला गर्दीचा पट बघायला मिळणं पुढच्या वर्षी कामाचं. खुला गट सोडला.

पटाचा दिवस

गाडी शुक्रवारी संध्याकाळी पोहोचवली. पटाच्या सकाळी उतरवलेले बैल प्रवासाने आखडलेले असतात आणि नवीन पाण्याला तोंड लावत नाहीत. पाणी घरूनच टाकीत नेलं. रात्री नेहमीचंच कुटार आणि नेहमीएवढीच ढेप. पटाच्या आदल्या दिवशी अंडी, तूप, जास्तीचं धान्य चारायची हौस अनेकांना आवरत नाही. बैलाच्या पोटाला अचानक धान्य मिळालं की आंबट होऊन पोट गुबारतं, आणि सकाळी जोडी ढिली पडली की नजर लागली म्हणतात. धावण्याआधी चार-पाच तास भरपेट काही नाही, पाणी थोडं थोडं.

सकाळी बैल उभा असताना बरगडीमागची हालचाल मोजून मिनिटाचे श्वास लिहून ठेवले. पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र तर लागतंच, पण हा आकडा मालकाच्या कामाचा. धाव झाल्यावर अर्ध्या तासात श्वास सकाळच्या आकड्याजवळ आले नाहीत तर तो बैल त्या दिवशी पुन्हा जुंपायचा नाही, मग चिठ्ठीचे पैसे जावोत. खुरं बघितली. बैलाच्या एका खुराला दोन पाकळ्या, म्हणून नालाच्या पत्र्याही दोन. सर्जाच्या बाहेरच्या पत्रीचा एक खिळा ढिला निघाला, नालबंदाकडून ठोकून घेतला.

काळ्या मातीत सकाळी दहिवराची ओल असते, चाक धरतं. साडेदहा-अकरानंतर वरचा थर सुकतो आणि पट्टी जलद होते. पण वीस-पंचवीस जोड्या गेल्या की माती मोकळी होऊन चाकोरी पडते, खुर रुततो, वेळ पुन्हा वाढते. म्हणून पट्टी सुकल्यावर, पाटा किंवा रोलर फिरल्यावर लगेच येणारे क्रमांक सगळ्यात चांगले. चिठ्ठीने क्रमांक निघत असेल तर हातात काही नाही. नोंदणीच्या क्रमाने असेल तर रोलर किती जोड्यांनंतर फिरवणार ते आधी विचारून नोंदणी करावी. इथे नोंदणीचा क्रम होता आणि दर वीस जोड्यांनी रोलर. सोन्या-राजाची नोंद तेविसावी घेतली.

पाखऱ्या-सर्जा साफ चुकले. सुटायच्या जागेपासून दहा-बारा मीटरवर भोंगा बांधलेला होता. माइक खरखरला आणि सर्जाने मान फिरवली. जोडी सरळ होईपर्यंत सेकंद गेला. बक्षिसाच्या जवळपासही नाही. सरावात सगळं शांत, गावातल्या ओळखीच्या चार माणसांसमोर. गर्दी आणि भोंगा दोन्ही त्या बैलाने पहिल्यांदा पाहिले. दिलेली शक्यता या जोडीला जास्तच होती. पहिल्यांदा गर्दीत उतरणाऱ्या जोडीची अपेक्षा चौथ्याने नाही, निम्म्याने कापायला हवी, आणि तसं केलं असतं तर हिशोब "सोन्या-राजाच न्या" असा निघाला असता.

तालुका गटात पहिली जोडी ११.९१, दुसरी ११.९७, सोन्या-राजा १२.०३, चौथी १२.०५, पाचवी १२.१४. तिसरा क्रमांक, १५,००० रुपये. तिसऱ्या आणि चौथ्यात ०.०२ सेकंद, त्या वेगाने जमिनीवर ते अंतर वीतभर होतं आणि रुपयांत ४,०००. आपल्या जोडीचा शेवटचा ४० मीटरचा तुकडा ३.७० भरला, आधी तो ३.७८ होता. सोन्या रेलला, पण उशिरा आणि कमी. जोतं सारखं करणं आणि चाकाचं ग्रीस, यातलं कशाने किती झालं ते वेगळं काढता येत नाही.

दोन दिवसांचा खरा हिशोब: १५,००० मधून फी २,५००, खर्च १०,०००, धुरकऱ्याचे १,५००; उरले १,०००.

शनिवारची रात्र

बक्षीस हातात आल्यावर खुल्या गटाची चिठ्ठी पुन्हा समोर आली. जोडी चांगली धावली, बैल ताजे आहेत, ३,००० तर कमावलेल्यातलेच, असं बोलणं झालं. या वेळेला वही उघडून बघावी लागते. बक्षिसाचे पैसे आणि खिशातले पैसे वेगळे नसतात. १२.०३ ही धाव जोडीच्या पट्ट्यातलीच होती, नवीन काही घडलं नव्हतं. त्यामुळे शुक्रवारी जो आकडा उणे होता तो शनिवारी रात्रीही उणेच. राजाचे श्वास धावेनंतर अर्धा तास उलटला तरी सकाळपेक्षा बरेच वर होते, पाऊण तासाने खाली आले. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा पूर्ण जोर लावायला सांगणं चांगलं नव्हतं. चिठ्ठी घेतली नाही.

रविवारी वेळा लिहायला एक माणूस मात्र थांबला. खुल्या गटाची आधार वेळ ११.८० आली, दहावी जोडी ११.९३. सोन्या-राजाची शनिवारची धाव त्या मापाने १.९ टक्के मागे, म्हणजे जोडी नेमकी आपल्या नेहमीच्या जागी. एका पटाने पद्धत खरी ठरत नाही. रविवारी जोडी ११.९० ला धावूही शकली असती आणि तरीही शनिवारी रात्री चिठ्ठी न घेणं बरोबरच राहिलं असतं.

पुढच्या पटासाठी वहीत तीन नोंदी झाल्या. सोन्या-राजा १२० मीटरपर्यंतच्या पटांत, तालुका किंवा तशाच मर्यादित गटात. सर्जाला आठवड्यातून दोनदा गावच्या सप्ताहाच्या मंडपाजवळ, भोंगा चालू असताना, नुसतं उभं करायचं, जुंपायचं नाही. आणि तालुक्यातली ११.९७ ची दुसरी जोडी: तिचा उजवा बैल नवीन घेतलेला आहे, त्याचा आधीचा मालक आणि आधीच्या वेळा शोधायच्या.